हिंडलग्याच्या फाटकाबाहेरचा पत्ता

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिंडलगा लागते. येरवड्याचे जे झाले तेच या गावाचेही झाले. तुरुंग गावाच्या नावाला असा चिकटला, की 'हिंडलग्याला गेला' एवढे म्हटले तरी ऐकणारा पुढचे विचारत नाही. हे कर्नाटकातल्या मोठ्या मध्यवर्ती कारागृहांपैकी एक आहे. १९५० मध्ये सावरकरांना इथेच स्थानबद्ध केले होते. पण या लेखाचा विषय आत ठेवलेला माणूस नाही. आतून बाहेर येणारा, ज्याचे नाव कुठल्या वर्तमानपत्रात येत नाही असा माणूस हा या लेखाचा विषय आहे.

सुटकेच्या दिवशी आत बरीच लिखापढी होते. नाव, बापाचे नाव, अंगावरच्या ओळखखुणा वहीशी ताडून पाहतात. येताना जमा केलेले कपडे, पाकीट, अंगठी असेल तर अंगठी परत देतात आणि सही घेतात. कैद्याने आत काम केले असेल तर मजुरीची शिल्लक मिळते. हातात पैसा नसलेल्याला घरापर्यंतचे भाडे द्यावे, अशी तुरुंगाच्या नियमावल्यांत सोय आहे. मग मोठ्या फाटकातली दिंडी उघडते आणि माणूस वाकून बाहेर येतो.

'घरापर्यंतचे भाडे.' नियम लिहिणाऱ्याने घर आहे असे धरूनच हे लिहिले आहे. सगळा प्रश्न या गृहीतात आहे.

सात-आठ वर्षे आत काढलेल्या माणसाचे घर बाहेर काय अवस्थेत असते, याचा विचार करून पाहा. भाड्याची खोली असेल तर ती पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गेलेली. वडिलोपार्जित घर असेल तर भावांनी वाटणी करून घेतलेली, किंवा वकिलाच्या फीपोटी तुकडा विकलेला. रेशनकार्डावरचे नाव कमी झालेले. बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली, नाहीतर गाव सोडून हातकणंगले-इचलकरंजीकडे कामाला लागलेली. आणि गुन्हा गावातल्याच कुणाविरुद्ध घडला असेल, खेड्यातल्या खुनांत बहुतेकदा तसेच असते, तर मयताचे घर चार दारे सोडून. अशा ठिकाणी परत जाणे आणि परत घेणे, दोन्ही अवघड. ज्यांचे माणूस गेले त्यांच्या दुःखाला इथे जागा नाही असे मी म्हणत नाही. उलट, परतणाऱ्याची सोय नीट लावली नाही, तर त्यांच्याही जखमेची खपली रोज निघते.

सीमाभागाला तुरुंग परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरआखणी झाली, बेळगाव-निपाणी-खानापूर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आणि तेव्हापासून सत्याग्रह, अटका, सुटका यांची एक पिढीजात ओळख इथल्या घरांना आहे. कितीतरी घरांत आजोबा 'आत जाऊन आलेले' असतात आणि ते अभिमानाने सांगितले जाते. बाहेर आल्यावर हार पडलेले असतात, गुलाल उधळलेला असतो. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीच्या माळावर काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष महात्मा गांधी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत येरवड्याच्या शिक्षेतून सुटलेले होते. बेळगावाने एका सुटलेल्या कैद्याचे केवढे स्वागत केले! आणि त्याच बेळगावात, मारामारीत किंवा जमिनीच्या भांडणात शिक्षा भोगून आलेल्या माणसाबद्दल तेच तीन शब्द, 'आत जाऊन आलाय', आवाज उतरवून बोलतात. खोली दाखवता दाखवता घरमालक थबकतो. शब्द तेच, फक्त आवाजाची पट्टी बदलते. त्या पट्टीवर माणसाची पुढची दहा वर्षे ठरतात.

घराचा पत्ता मात्र सुटल्यानंतर नव्हे, सुटण्याच्या आधीपासूनच लागतो. आपल्याकडच्या तुरुंगांत शिक्षा झालेले कैदी थोडे आणि खटल्याची वाट पाहणारे फार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशभरच्या १,३३० तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. शंभरातले पंचाहत्तरहून जास्त. त्यांच्यातल्या पुष्कळांना जामीन मंजूर होऊनही बाहेर येता येत नाही, कारण जामीनदार मिळत नाही. जामीनदार म्हणजे काय? ज्याच्या नावावर जमीन किंवा घर आहे, आणि जो 'हा माझा माणूस, तारखेला हजर राहील' असे कोर्टात उभे राहून सांगतो, तो. म्हणजे पुन्हा घर आणि पुन्हा माणसे.

सीमाभागात याला एक खास गाठ पडलेली आहे. कागलचा माणूस निपाणी हद्दीत पकडला गेला, तर त्याचा चुलता जामीन राहायला सातबारा घेऊन येतो. तो मराठीत, महाराष्ट्र सरकारचा. इकडच्या कचेरीला पहाणी पत्रकाची, म्हणजे कन्नडमधल्या आरटीसीची सवय. तसेच निपाणीकडचा पोरगा कोल्हापुरात अडकला, तर त्याच्या बापाच्या हातातला कन्नड उतारा तिकडे कुणाला वाचता येत नाही. 'स्थानिक जामीनदार आणा' असे सांगितले जाते. आता निपाणीचा भूगोल पाहा. निपाणीकर ज्याला आपले कॉलेज म्हणतात ते देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात आहे. अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात, कॉलेज शिवाजी विद्यापीठाचे. पोरे सकाळी चालत महाराष्ट्रात जातात आणि दुपारी जेवायला कर्नाटकात येतात. त्या अर्जुननगरात राहणारा मामा निपाणीच्या कोर्टापुढे मात्र परराज्यातला.

यावर सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी बोलून ठेवले आहे. १९७८ च्या 'मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या खटल्यातला अर्जदार गवंडी होता. त्याला जामीन मंजूर झाला, पण खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ जामीन राहायला आला तर तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. एखादा मल्याळी, कन्नडिग, तमिळ किंवा तेलुगू माणूस बस्तरमध्ये किंवा चांदणी चौकात पकडला गेला, तर तिथली मालमत्ता असलेला जामीनदार त्याने आणायचा कुठून, असा त्यांचा सवाल होता. जिल्ह्याच्या हद्दीवरून आणि कागदाच्या भाषेवरून माणसामाणसांत फरक करायचा अधिकार कुठल्या कायद्याने दिला, हेही त्यांनी विचारले. सीमाभागासाठीच लिहिला असावा असा हा निकाल आहे. तरीही ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाला जामिनाबाबत पुन्हा निर्देश द्यावे लागले. जामिनाच्या आदेशाची प्रत ई-मेलने तुरुंगात पाठवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कैद्याला द्यावी, सात दिवसांत तो सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका अडत असेल तर न्यायालयांनी ती अट घालू नये, असे त्यात आहे. १९७८ ते २०२३ म्हणजे पंचेचाळीस वर्षे. ज्यांच्या घरचे कुणी आत आहे त्यांनी या दोन तारखा वकिलाला जरूर सांगाव्यात.

पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्र सरकारची गरीब बंद्यांना साहाय्याची योजना २०२३ पासून आहे. २०२३ च्या मूळ नियमांत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि न भरलेल्या दंडासाठी २५ हजारांपर्यंतची रक्कम जिल्हा पातळीवरच्या समितीने मंजूर करायची होती. कोठडीतल्या कोणालाही, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच ते आहे.

शिक्षा झालेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना रजा असते. महाराष्ट्रात तिला संचित रजा आणि अभिवचन रजा म्हणतात, कर्नाटकात बहुतेकदा पॅरोलच. घराशी धागा तुटू नये म्हणून ही रजा. पण रजेवर जायच्या गावाबद्दल तिथल्या पोलिसांचा अहवाल लागतो, आणि गाव पलीकडच्या राज्यात असले की तो अहवाल दुसऱ्या सरकारच्या ठाण्यातून, दुसऱ्या भाषेत यायचा. इथे एक जुना, फारसा कुणाला ठाऊक नसलेला कायदा उपयोगी पडू शकतो. १९५० च्या कैदी हस्तांतर कायद्यानुसार दोन्ही राज्य सरकारांची संमती असेल तर कैद्याला एका राज्याच्या तुरुंगातून दुसऱ्या राज्याच्या तुरुंगात हलवता येते. कोल्हापूरकडचा माणूस हिंडलग्यात शिक्षा भोगत असेल, तर तो कळंब्याच्या कारागृहात बदली मागू शकतो. अंतर शंभरेक किलोमीटरचे. पण म्हातारी आई महिन्यातून एकदा भेटायला येऊ शकते की वर्षातून एकदा, हे त्या शंभर किलोमीटरांवर अवलंबून असते. भेटायला येणारे कुणी असले, तरच सुटल्यावर न्यायला येणारे असते.

तुरुंगातून येणाऱ्याला आधी घर द्यावे, मग त्याच्याकडून भलेपणाची अपेक्षा करावी, हा विचार आपल्याच मुलखात फार आधी होऊन गेला आहे. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या राजर्षी शाहूंनी फासेपारध्यांच्या बाबतीत तो केला. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, सोलापूर-हुबळीसारख्या ठिकाणी कुंपणातल्या वसाहती. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातली हजेरी बंद केली. आणि पारध्यांना वसवले कुठे? आपल्या स्वतःच्या सोनतळीच्या कॅम्पाजवळ. ज्यांना चोर म्हणत त्यांच्याच हाती पहाऱ्याचे काम दिले. तिकडच्या सेटलमेंटमध्येही डोक्यावर छप्पर होते, इथेही होते. पण सेटलमेंटचा पत्ता सांगितला की काम जायचे, आणि सोनतळीचा पत्ता सांगितला की लोक सरकून जागा द्यायचे. नुसत्या चार भिंती दिल्या म्हणजे निवारा दिला असे समजणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

दुसरे उदाहरण आटपाडीजवळचे, स्वतंत्रपूरचे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, आणि औंध हे मजेदार संस्थान होते. त्याचे तुकडे साताऱ्यापासून विजापूरकडच्या गुणदाळपर्यंत विखुरलेले, म्हणजे प्रजा मराठीही आणि कन्नडही. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेकडे सोपवला. त्या प्रयोगात मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा ज्यू अभियंता होता. बेंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्यातले काम सोडून तो गांधीविचारात शिरला आणि भारतानंद झाला. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि फ्रिडमन यांनी खुनासारख्या गुन्ह्यांतल्या कैद्यांसाठी आटपाडीच्या उघड्या माळावर वसाहत उभी केली. उंच भिंत नाही. कसायला जमीन, राहायला घर, आणि सगळ्यांत धाडसाची गोष्ट म्हणजे बायकामुलांसह राहायची मुभा. व्ही. शांतारामांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच वसाहतीवरून सुचला, कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळ आटपाडीच्या शेजारचेच. सिनेमा पुढच्या वर्षी बर्लिनला गाजला. स्वतंत्रपूर आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून चालू आहे. सिनेमा माहीत असलेल्या हजारांत एखाद्यालाच हे ठाऊक असते.

या प्रयोगातली खरी युक्ती कोणती? मला वाटते, बायकामुले. सिनेमात जेलरच्या दोन डोळ्यांचा धाक दाखवला आहे, पण वसाहतीत माणसाला धरून ठेवले ते चुलीने. शिक्षा चालू असतानाच त्याचे घर उभे होते, म्हणून सुटका झाली तेव्हा 'आता कुठे जायचे' हा प्रश्नच उरला नाही. राजस्थानात सांगानेरच्या खुल्या बंदी शिबिरातही १९६३ पासून कैदी कुटुंबासह राहतात आणि सकाळी बाहेर कामाला जातात. कर्नाटकात देवनहळ्ळीजवळ कोरमंगलाचे खुले कारागृह आहे, पण ते बेंगळुरूच्या बाजूला. उत्तर कर्नाटकातल्या कैद्याला ते घरापासून आणखी लांबच.

जपानमधली एक हकीगत इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिझुओका इथल्या तुरुंगातून एक माणूस पूर्ण सुधारून बाहेर आला. गावी पोचला तर वडील वारलेले, बायकोने दुसरे लग्न केलेले, चुलत्याने दारातून परत पाठवले. त्याने चोरी केली नाही, आत्महत्या केली. ही गोष्ट किम्पारा मेइझेन या उद्योजक समाजसेवकाच्या मनाला इतकी लागली, की त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८८८ मध्ये सुटलेल्या कैद्यांना आसरा देणारी संस्था काढली. आज जपानभर अशी शंभराच्या आसपास गृहे आहेत, आणि ती मुख्यतः खासगी संस्था सरकारी मदतीने चालवतात.

आपल्याकडेही कागद कमी नाहीत. मुंबई इलाख्याने १९३८ मध्येच परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, कायदा केला होता, आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक झालेल्या मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने अनुरक्षणाचा, म्हणजे सुटलेल्यांच्या पुढच्या सांभाळाचा, देशभरचा आराखडा मांडला. अनुरक्षण गृहे निघालीही. पण ती पुढे बहुतांशी संस्थांत वाढलेली मुले आणि निराधार स्त्रिया यांच्यासाठी चालली, आणि शिक्षा भोगून आलेला प्रौढ पुरुष त्यातून गळाला. त्याची दया कुणाला यायची? २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत अनुरक्षणावर वेगळे प्रकरणच आहे. मुंबईत टाटा संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर काम करतो. सुटलेल्यांना काही काळ एखाद्या संस्थेत विद्यावेतनावर काम देऊन कामाची आणि शिस्तीची सवय पुन्हा लावणे ही त्यांची रीत. येरवड्यात १ मे २०२२ पासून राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' कर्जयोजना सुरू झाली. आतल्या मजुरीच्या आधारावर ५० हजारांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के. कैदी आत असतानाच मुलीची फी किंवा घराचे छप्पर यासाठी पैसे पाठवू शकतो. मला ही योजना फार मोलाची वाटते, कारण बाप आत असला तरी घरचा कर्ता राहतो. कर्नाटकात आता कैद्यांना दिवसाला पाचशे रुपयांच्या वर मजुरी मिळते, देशातल्या सर्वांत चांगल्या दरांपैकी एक. असेच कर्ज हिंडलग्यात द्यायला काय हरकत आहे?

स्त्रियांचे वेगळे बोलायला हवे. पुरुष आत गेला तर बायको वाट पाहते. बाई आत गेली तर सासर तिचे नाव टाकते, आणि माहेरी धाकट्या बहिणींची लग्ने व्हायची असतात. तिचे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत तिच्याजवळ आत राहू शकते, मग ते नातलगाकडे किंवा संस्थेत जाते. सुटल्यावर कुटुंबाचा आधार नसलेल्या स्त्रियांना सरकारच्या स्वाधार गृहांत प्रवेश होता. त्यांनाच २०२२ पासून शक्ती सदन म्हणतात. हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. आणि निपाणीच्या बाईला काम म्हटले की विडी. पाने, तंबाखू, सूत आणायचे, घरी बसून वळायचे, मोजून द्यायचे. पण घरी वळायला घर लागते. पाने भिजवायला, सुपात पसरायला, पावसात तंबाखू कोरडी ठेवायला दाराच्या आत हातभर जागा लागते. ती नसेल तर निपाणीतले सर्वांत सोपे कामही तिला मिळत नाही.

पुरुषाला कागद न विचारणारे एक काम या पट्ट्यात आहे, ऊसतोडीचे. मुकादम उचल देतो, फडाजवळ खोपी मिळते. पण हंगाम सरला की खोपी मोडते, आणि माणूस पुन्हा बसस्थानकावर.

बाहेरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यांत नाजूक. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता आणि सर्वांत मोठे कारण नशेचा अतिरेक हे होते. आपल्याकडचा आकडा तोच असेल असे नाही, पण सुटलेल्या माणसाला पहिल्या रात्री जुने दोस्तच आधी भेटतात हे इकडेही सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रिटिश सरकारच्या २००२ च्या एका अहवालाने असे मांडले, की राहण्याची पक्की सोय झाली तर पुन्हा शिक्षा होण्याचे प्रमाण वीस टक्क्यांहून जास्त घटू शकते.

म्हणून माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. निपाणीत बसस्थानकापासून चालत जाता येईल अशा दोन-तीन खोल्या हव्यात, पंधरा रात्रींसाठी. चावी एखाद्या स्थानिक संस्थेकडे असावी, भाडे विधी सेवा प्राधिकरण किंवा जिल्हा प्रशासनाने द्यावे. तिथे बसून आधारवरचा पत्ता बदलायचा अर्ज, रेशनकार्डात नाव चढवणे, बँकेचे बंद पडलेले खाते, विडी कारखान्यात चौकशी, भावाशी पहिले बोलणे, हे एकेक करून उरकता येईल. मदतीला मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिता-वाचता येणारा एक माणूस हवा. अशी माणसे निपाणीत गल्लोगल्ली आहेत. या गावाला दोन भाषांत अर्ज भरण्याची जितकी सवय आहे तितकी क्वचितच कुणाला असेल. आणि ज्यांचे घर सीमेपलीकडे आहे त्यांच्यासाठी कागल-कोल्हापूरच्या परिवीक्षा अधिकाऱ्याला आधी एक पत्र जायला हवे, सुटकेच्या निदान महिनाभर आधी.

हिंडलग्याहून निपाणी पाऊणशे किलोमीटर. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकातून संकेश्वरमार्गे दोन तास. सकाळी अकराला दिंडीतून बाहेर आलेला माणूस तीनच्या आत निपाणीत उतरतो, आणि तेव्हा उन्हे असतात, दुकाने उघडी असतात, खोलीची चावी ज्याच्याकडे आहे तो जागेवर असतो. जामिनाचा कागद संध्याकाळी पोचला आणि माणूस आठला बाहेर पडला, तर तो निपाणीच्या फलाटावर उतरतो रात्री अकराच्या पुढे. त्या वेळी त्याला उतरवून घ्यायला कुणीतरी आलेले असले पाहिजे.